ऊना मावशीचे आठ

"आठ काय? पण आठ काय?" कॉन्डी हातातलं कार्ड उलटंपालटं करत विचारत होता, आणि नूला फोन कानाला दाबून "हॅलो, ह्यूडी, हॅलो" करत होती. फोन केव्हाच तुटला होता.

ह्यूडी हा नूलाच्या ऊना मावशीचा मुलगा. मावशी परवा पहाटे गेली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. पलीकडच्या डोंगरातल्या तिच्या घरी दोन रात्री तिला ठेवली होती, शेजारीपाजारी पाळीपाळीने जागले होते, आणि आज मयत होतं. "अकराला पेटीचं झाकण लावणार, नूलाताई," ह्यूडी म्हणाला होता. "तोंड बघायचं असेल तर त्याच्या आत पोचा. वाट आईने तुम्हाला लिहून दिलीच आहे." इतकं बोलून डोंगरातला फोन नेहमीसारखा मेला.

वाट लिहून दिली होती, हे खरं. बिस्किटांच्या डब्यात नाताळचं एक जुनं कार्ड होतं आणि त्याच्या मागे मावशीच्या तिरक्या अक्षरात तीनच ओळी होत्या. 'चर्चपासून आठ. डावीकडे पांढरं फाटक. ये एकदा.'

नूला कधी गेली नव्हती. दर नाताळला मावशीच दोन बस बदलून खाली यायची, बेदाण्यांचा पाव घेऊन. आपण जाऊ, या उन्हाळ्यात नक्की जाऊ, असं म्हणत तीस उन्हाळे गेले. कार्ड वाचून नूला खुर्चीत बसली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

"रड नंतर, आधी कोट घाल," कॉन्डी म्हणाला. "आठ मैल की आठ किलोमीटर, तेवढं सांग."

आता हा प्रश्न कोणाला वेडगळ वाटेल, पण सीमेवरच्या आमच्या स्ट्राबेन गावात नाही वाटत. आमच्याकडे नदीवरचा पूल ओलांडला की देश बदलतो. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही. फक्त अलीकडे पाट्या मैलांच्या आणि पलीकडे किलोमीटरच्या. त्यामुळे इथे प्रत्येकाची एक घरगुती युक्ती असते आणि आपली तीच खरी असं प्रत्येकाला वाटतं. कॉन्डीने चौतीस वर्षं दोन्हीकडे पावाची गाडी हाकली. त्याच्याकडे 'शिडी' होती. दोनाचे तीन, तिनाचे पाच, पाचाचे आठ, आठाचे तेरा, तेराचे एकवीस. मैल ज्या पायरीवर, किलोमीटर तिच्या वरच्या पायरीवर. हे तो पाढ्यासारखं घडाघडा म्हणायचा, विचारलं नाही तरी म्हणायचा. नूलाची रीत वेगळी. अर्धे मिळव आणि वर दहावा हिस्सा टाक. यावरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नाहीत.

आणि ऊना मावशी? तिचं एकच. "दुप्पट करा नि गप्प बसा."

गेल्या नाताळात यावरूनच झालं. भरल्या ताटावर कॉन्डीने तिची उलटतपासणी घेतली. "दहा मैलांचे किती, मावशी?" "वीस." "अहो, सोळा! आणि आठाचे?" "सोळा." "तेरा, मावशी, तेरा! तुम्ही रस्ता मोजता की लोकर?" सगळं टेबल हसलं. नूलाही हसली. मावशीने काटा खाली ठेवला, हॅट डोक्यावर घातली आणि खिडकीकडे पाहत म्हणाली, "कॉन्डी, त्या शिडीच्या नादात तू माझ्या मयतालाही उशिरा पोचशील, बघ." मग ती बसला गेली आणि पुन्हा आलीच नाही. नूलाला तिचा तो चेहरा अकरा महिने दिसत होता. झाकण लागायच्या आत तिला एकदा 'चुकले' म्हणायचं होतं, बस्स. कॉन्डीलाही वेळेवर पोचायचं होतं, पण त्याचं कारण निराळं. त्याला मेलेल्या बाईला खोटं पाडायचं होतं.

साडेनऊला ते डोंगराखालच्या चर्चपाशी पोचले. तिथून वर नुसतं धुकं होतं. खाली ऊन होतं आणि रस्ता चर्चच्या भिंतीला वळसा घालून सरळ त्या धुक्यात शिरत होता. कॉन्डीने गाडीतला अंतराचा आकडा शून्यावर आणला. गाडी अलीकडची, म्हणजे आकडा मैलांचा.

"बाई पलीकडची, पाट्या पलीकडच्या, म्हणजे आठ किलोमीटर," तो म्हणाला. "शिडीवरून एक पायरी खाली. पाच मैल. वीस मिनिटांत चहा पिऊ."

धुक्यात कसलाच आवाज नव्हता. मेंढरं नाहीत, पाखरं नाहीत, गाडीचं इंजिनसुद्धा दुसऱ्या कोणाच्या गाडीचं वाटत होतं. बरोबर पाच मैलांवर डावीकडे पांढरं फाटक आलं. कॉन्डीने विजयाने हॉर्न वाजवला आणि लगेच पस्तावला, कारण आत घर नव्हतं. आत थडगी होती. जुनं, वाकड्यातिकड्या दगडांचं कबरस्तान, आणि पहिल्याच रांगेत ताजा उकरलेला खड्डा. खड्ड्यावर दोन फावडी एकमेकांवर आडवी टाकलेली, आमच्याकडे रिकाम्या कबरीवर टाकतात तशी. भिंतीवर चहाचा मग होता. त्यातून वाफ येत होती. माणूस कुठेच नव्हता.

"कॉन्डी," नूला कुजबुजली, "तिने आपल्याला तिच्या खड्ड्याचा पत्ता दिलाय."

"काहीतरी बोलू नकोस. कार्ड सहा वर्षांपूर्वीचं आहे."

"मग सहा वर्षांपूर्वीच दिला!"

फाटकाशी एक मैलाचा दगड होता. नूलाने हातमोज्याने त्याच्यावरचं शेवाळ पुसलं. खाली चाराचा आकडा निघाला. गाडीत पाच आणि दगडावर चार. कॉन्डीने दोन्हीकडे पाहिलं आणि "जुने लोक अंदाजाने पुरायचे दगड" असं जाहीर केलं. पण ते त्याने खूप मोठ्यांदा जाहीर केलं.

"मावशीच्या जन्मात किलोमीटर होता कुठे?" नूला उसळली. "आठ म्हणजे आठ मैल! अजून तीन जायचंय. चल."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू हॉर्न वाजवण्यात गुंतला होतास!"

उघड्या कबरीच्या काठावर उभं राहून त्यांनी चांगली पाच मिनिटं हिशेबावरून भांडण केलं. शिडी निघाली, अर्धे-अधिक-दहावा निघाला, कोणाच्या आईला किती येत होतं तेही निघालं. मग दोघांनाही एकदम कळलं की आपण कुठे उभे आहोत, आणि दोघंही गाडीत जाऊन बसले.

साडेसात मैलांच्या जरा पुढे पुन्हा एक दगड दिव्यात आला. त्यावर सहा होते.

"मघाशी एकाचा फरक होता," नूला म्हणाली. "आता दीडाच्या वर आहे. रस्ता लांबतोय, कॉन्डी."

"रस्ता लांबत नसतो."

"मग दगड का मागे राहतायत?"

कॉन्डीने आकड्यावर बोटाने टकटक केली. चौतीस वर्षं त्याने आकड्यांवर भरवसा ठेवला होता आणि आकड्यांनी त्याला असा दगा कधी दिला नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि नोव्हेंबर महिना होता.

आठ मैलांवर डावीकडे पांढरं फाटक होतं. होतं म्हणजे नुसतं फाटकच होतं. दोन्ही बाजूंना भिंत नाही, कुंपण नाही, मागे घर नाही. दलदलीत एकटं उभं होतं आणि वारा नसताना हळूहळू हलत होतं. कॉन्डी उतरला, फाटक उघडून आत गेला (बाजूने गेला असता तरी चाललं असतं, पण सवय), आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत खाली गेला. पाय निघाला. बूट नाही निघाला. त्याने हात घालून चाचपलं, तर खालून चिखलाने 'गप्प' असा आवाज केला.

"राहू दे तो बूट!" नूला ओरडली. "दहा वाजून गेले!"

एका पायात काळा बूट आणि दुसऱ्यात चिखलाचा मोजा अशा अवस्थेत कॉन्डी गाडीत बसला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, ती दुप्पट करायची! सगळ्याचं दुप्पट! म्हणजे खरे चार, तिने केले आठ. आपण कधीच पुढे आलोय." इतक्या खात्रीने सांगितलेलं खोटं ठरेल असं नूलाला वाटलं नाही. गाडी वळवली. अरुंद रस्त्यावर वळवताना पाच वेळा मागेपुढे केली, आणि मग आपण वळलो की पुरता फेरा घेऊन पुन्हा तिकडेच तोंड केलं, हेही दोघांना धड सांगता येईना.

दहा मिनिटांनी धुक्यातून पांढरं फाटक आलं. खड्डा तोच, फावडी तीच. भिंतीवरचा मग आता पालथा घातलेला होता.

नूलाने कॉन्डीचा दंड धरला. "चकवा लागलाय. माझी आजी सांगायची, या डोंगरात गवताचं एक ढेकूळ असतं, त्यावर पाय पडला की माणूस घराच्या अंगणातसुद्धा वाट चुकतो. तुझा पाय पडलाय त्याच्यावर. कोट काढ."

"का?"

"उलटा करून घाल. दुसरा उपाय नाही."

"नूला, मी हिशेबी माणूस आहे."

"हिशेबी माणसा, पाऊण तास झाला, आपण एकाच कबरीशी दुसऱ्यांदा आलोय. मला तिचं तोंड बघायचंय. ते झाकण लागलं तर मी जन्मभर हे पोटात घेऊन बसेन आणि तुला बसू देणार नाही. काढ तो कोट!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कॉन्डीने मुकाट्याने कोट काढला आणि उलटा घातला. मयताचा काळा कोट होता तो, चांगल्यातला. पण आतलं अस्तर दोन वर्षांपूर्वी फाटलं होतं आणि नूलाने ते न्हाणीच्या जुन्या पडद्याचं लावलं होतं. पिवळं कापड, त्यावर निळी बदकं. कोटाच्या आत कोण बघतंय, असं तेव्हा ती म्हणाली होती.

कॉन्डीने आकडा पुन्हा शून्यावर आणला, कारण आता दुसरं काही सुचत नव्हतं. दगड चारचा. गाडी पुन्हा वरच्या बाजूला निघाली. सव्वा मैलाला पाचचा दगड आला. अडीचला सहाचा.  पावणेचारला, गवतातून नाक वर काढून, सातचा.

"दर खेपेला सव्वा," कॉन्डी पुटपुटला. "रस्ता लांबत नाहीये. यांचा मैलच सव्वा मैलाचा आहे."

नूला एकदम सरळ बसली. "जुना मैल! आजोबांच्या वेळचा, आपला जुना मैल. तो मोठा होता. कॉन्डी, सव्वा मैलाचे किलोमीटर किती होतात?"

शिडीला सव्वाची पायरी नव्हती. कॉन्डीने पहिल्यांदाच बायकोच्या रीतीने केलं. सव्वा, त्याचे अर्धे, वर दहावा हिस्सा. "दोन," तो म्हणाला.

"दुप्पट," नूला म्हणाली. "ती बरोबर होती रे. जन्मभर बरोबर होती. आणि आपण तिला हसलो." ती आता उघडउघड रडत होती आणि कॉन्डी बदकांच्या बाहीने काच पुसत होता. काच आतून कोरडीच होती.

वेळेवर पोचले असते अजूनही, पण तेवढ्यात मेंढरं आली. दोनशे तरी असतील, धुक्यातून एकामागून एक निघत राहिली आणि रस्ता सोडेनात. अकरा वाजलेले नूलाने घड्याळात पाहिले. तिने घड्याळ बाहीखाली सारलं.

अकरा वीसला, बरोबर पाच मैलांवर, डावीकडे पांढरं फाटक आणि त्याच्याशी आठचा दगड. आत घर होतं. घरापुढे चाळीसेक माणसं दोन रांगा करून उभी होती, सगळी काळ्या कपड्यांत, सगळी यांच्याकडे पाहत. कोणी हलत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. मधल्या वाटेवरून कॉन्डी चालत गेला. एका पायात बूट, अंगावर बदकं.

मग रांगेतला एक जाडजूड माणूस छातीवर क्रूस करत मागे सरकला. "हेच ते! आईशप्पत, हेच!"

"गप रे बार्नी," ह्यूडी पुढे येत म्हणाला. "माणसं आहेत ती. माझी नूलाताई आणि दाजी."

झालं होतं असं की शेजारचा बार्नी सकाळपासून खड्डा खणत होता. चहा घ्यायला बसला तर धुक्यातून हॉर्न वाजला आणि दोन आकृत्या येऊन कबरीशी कडाकडा भांडायला लागल्या. तिनाचे पाच, पाचाचे आठ! तो भिंतीमागे लपला. त्या गेल्यावर चहाचा मग पालथा घालून तो शेतातल्या आडवाटेने धूम पळाला आणि इथे येऊन त्याने सांगितलं की कबरस्तानात दोन भुतं पाढे म्हणतायत.

"मी म्हटलं, आलेच म्हणजे आपले लोक," ह्यूडी म्हणाला. "चला आत."

"झाकण?" नूलाच्या तोंडून एवढंच निघालं.

"झाकण साडेबाराला आहे, ताई. सगळ्या गावाला साडेबाराच सांगितलंय. तुम्हाला तेवढं अकरा सांगितलं. आईच बोलली होती तसं, शेवटच्या आठवड्यात. म्हणाली, कॉन्डी गाडीत हिशेब करत बसणार. त्याला अकरा सांग, म्हणजे माझी पोर वेळेवर पोचेल." त्याने कॉन्डीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि म्हणाली, तो कोट उलटा घालून येईपर्यंत घाई करू नका. मला वाटलं, म्हातारी बरळतेय."

दोन्ही रांगांमधून हसू फुटलं. मयताच्या घरी आमच्याकडे हसायला बंदी नाही. कॉन्डीच्या हातात कोणीतरी चहा दिला, कोणीतरी ह्यूडीचे जुने बूट दिले, आणि कोणीतरी त्याचा कोट काढून सुलटा करून त्याच्या अंगात चढवला.

नूला आतल्या खोलीत गेली. आरसा झाकलेला होता, मेणबत्त्या होत्या. मावशी पेटीत जपमाळ धरून पडली होती आणि तिच्या ओठांचा कोपरा जरासा वर होता, समोरच्याचं गणित चुकल्यावर व्हायचा तसा. नूलाने तिच्या गार कपाळावर हात ठेवला. "चुकले गं मावशी," ती म्हणाली. "हसायला नको होतं. यायला हवं होतं. तीस वर्षांत एकदा तरी यायला हवं होतं." ती बराच वेळ बोलत बसली. साडेबारा वाजले तेव्हा ह्यूडीने तिच्या खांद्याला हात लावला आणि ती आपण होऊन उठली.

घरातच फादरांची प्रार्थना झाली. बाहेर येईतो धुकं पार निघून गेलं होतं. पेटी गाडीत ठेवताना कॉन्डी फाटकापाशी ह्यूडीला म्हणाला, "त्या दगडांनी तारलं बघ आम्हाला. नाहीतर अजून फिरत असतो."

"कुठल्या दगडांनी?"

"मैलाच्या रे. चार, पाच, सहा, सात."

ह्यूडीने त्याच्याकडे पाहिलं. "पाण्याचा पाइप टाकला तेव्हा काढले ते, दाजी. वीस वर्षं झाली. फोडून रस्त्याखालीच घातले. आई तेव्हा खोदणाऱ्यांशी कडाकडा भांडली आणि हा एक आठचा मागून घेतला. हा एकच आहे."

कॉन्डी हसला. कोणी हसलं नाही म्हणून थांबला.

मयताच्या गाडीमागून सगळ्या गाड्या पायी चालल्यासारख्या निघाल्या. लख्ख ऊन होतं, काडी न् काडी दिसत होती. कॉन्डीने आकडा शून्यावर आणला होता. सव्वाला गवत होतं. अडीचला गवत होतं. पावणेचारला एक मेंढी उभी होती. पाचाला कबरस्तानाचं फाटक आलं, आणि जिथे सकाळी नूलाने शेवाळ पुसलं होतं तिथे साधी, जुनी, न उकरलेली माती होती. नूलाने उजव्या हाताकडे पाहिलं. हातमोज्याची बोटं अजून हिरवी होती.

दोघंही गाडीतून उतरले. कॉन्डीने एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे, आणि कोट काढून उलटा करायला घेतला. एरवी चारचौघांत नूलाने त्याचा हात ओढला असता. तिने दुसरी बाही धरून त्याला मदत केली.

"आता कशाला, दाजी?" बार्नीने हळूच विचारलं. "पोचलात की."

"असू दे," कॉन्डी म्हणाला. "घरी जायचंय अजून."

फादरांनी चष्म्यावरून बदकांकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक उघडलं.